संक्रांतीची लूट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण ‘लुटतात’, म्हणजे वाटतात. त्याच दिवसांत बोरन्हाणाला मुले खाऊ ‘लुटतात’, म्हणजे वेचतात. मराठीने देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला इथे एकच क्रियापद दिले आहे. दसऱ्याचे सोनेही लुटायचेच असते. लहान मुलाला देण्याची गोडी लावण्याची जुनी मराठी रीत या लुटीतच सापडते.

धर्मशास्त्रात संक्रांत हा दानाचा पर्वकाळ. सूर्य मकर राशीत जातो, त्या पुण्यकाळात स्नान करावे आणि तीळ दान द्यावेत, असा संकेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथात दानाला स्वतंत्र खंडच दिला. मात्र शास्त्रातल्या दानाला संकल्प लागतो, सत्पात्र लागते, दक्षिणा लागते. चार-पाच वर्षांच्या पोराला त्यात कर्तेपण मिळणे शक्य नव्हते. तिळगुळाने हा सगळा बडेजाव बाजूला सारला. तो कोणीही कोणालाही द्यावा; आणि मूल देते तेव्हा देणारा लहान नि घेणारा मोठा, अशी उलटापालट होते.

याला हंगामाचीही साथ होती. पौषात खरिपाचा तीळ घरात आलेला असतो, गुऱ्हाळे चालू असतात आणि नवा गूळ निघालेला असतो. सुगडात भरायचे ते हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजरे, बोरे, उसाचे करवे हे सगळे शिवारातलेच. बोरे तर बांधावरची, फुकटची. त्यामुळे बेताच्या घरातही मुलाच्या मुठीत दुसऱ्याला द्यायला काहीतरी असे.

बोरन्हाण साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करतात. मुलाला काळे झबले घालतात, हलव्याचे दागिने चढवतात आणि पाटावर बसवून ओवाळतात. मग बोरे, करवे, शेंगा, चुरमुरे, रेवड्या आणि हलवा यांचे मिश्रण त्याच्या डोक्यावरून ओततात. मुलाला दृष्ट लागू नये, ऋतुबदल बाधू नये, अशी त्यामागची श्रद्धा सांगितली जाते. पण खरी गंमत पुढे आहे. खाऊ जमिनीवर पडतो न पडतो तोच आळीतली पोरे त्यावर तुटून पडतात. ज्याचा सोहळा ते मूल पाटावरच बसलेले असते, पुष्कळदा रडतही असते. आणि त्याच्या अंगावरून ओघळलेला खाऊ इतरांच्या ओच्यात जातो. हार ओढाताणीत तुटला तर त्याचे दाणेही त्यात जातात. दातृत्वाचा हा पहिला धडा मुलाला न विचारताच दिला जातो. त्याला तो कळत नाही, आणि कळावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या बोरन्हाणात ते स्वतः ओचा पसरते, तेव्हा त्याला थोडे उमगते.

कळत्या वयातली पायरी हलव्याच्या डबीची. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवून त्यावर पाक थेंबथेंब सोडायचा आणि हाताने हलवत राहायचे. काटा फुटायला दिवसचे दिवस जात. एवढ्या खटपटीचा हलवा मूल संध्याकाळी घरोघर चिमूटचिमूट वाटून मोकळे होई. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणायचे, मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा आणि ज्याच्याशी अबोला असेल त्यालाही द्यायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड, आणि बहुधा सर्वांत उपयोगाचे.

शेजारीही असेच काही दिसते. कर्नाटकात मुली नटूनथटून ‘एळ्ळु-बेल्ल’, म्हणजे तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे यांचे मिश्रण घरोघर देतात; सोबत ‘अच्चु’ नावाची साखरेची चित्रे आणि ऊस. तेलुगू घरांत भोगीच्या दिवशी मुलांच्या डोक्यावरून बोरे आणि नाणी ओततात. त्या बोरांना ‘भोगी पळ्ळु’ म्हणतात.

या लुटीला कुंपणेही होती. अस्पृश्यता पाळणाऱ्या गावात हातावर तिळगूळ ठेवण्याची प्रथा वेशीशी थांबे. हळदीकुंकवाचे वाण फक्त सुवासिनींचे. घरातली विधवा आत्या किंवा आजी आतल्या खोलीत राही, आणि मुले तेही पाहतच मोठी होत. विधवांना मानाने बोलावून वाण देण्याचे कार्यक्रम आता ठिकठिकाणी होतात.

विसाव्या शतकात तिळगूळ टपालाने प्रवास करू लागला. परगावच्या नातलगांना भेटकार्डासोबत हलव्याची छोटी पुडी जाई. कार्डावर मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरातले नाव असे. वाणात मातीच्या सुगडांबरोबर प्लास्टिकचे डबे-वाट्या आल्या, तर काही घरांत पुस्तके आणि रोपे. बोरन्हाणात चॉकलेटे, बिस्किटांचे पुडे आणि छोटी खेळणी शिरली आणि शहरी दिवाणखान्यात बोरे नावापुरती उरली. हलव्याचे दागिने तयार मिळतात, फोटोसाठी जपून काढून ठेवले जातात. लुटायला पोरे मात्र पूर्वीसारखीच लागतात. सोसायटीतल्या मुलांना त्यासाठी आवर्जून निरोप धाडावा लागतो.