प्रातिशाख्यांतील व्यंजनविचार

वेदपठणात एकाही वर्णाचा अपभ्रंश होऊ नये, या चिंतेतून आपापल्या शाखेच्या उच्चारांचा बारीकसारीक तपशील नोंदविणारी प्रातिशाख्ये जेव्हा निर्माण झाली, तेव्हा त्यांच्या कर्त्यांनी व्यंजनांची वर्गवारी केवळ कानाच्या साक्षीवर न सोडता मुखातील प्रत्यक्ष व्यापारावर उभी केली. कंठापासून ओष्ठापर्यंतची स्थाने, तेथे पोहोचणारे जिव्हेचे अंग म्हणजे करण, आणि स्पर्श पूर्ण की ईषत् हे ठरविणारा प्रयत्न, अशी ती मांडणी होती. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचा तोच क्रम मराठी मुले आजही पाठ करतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो घोषविचार. कंठ संवृत असता नाद, विवृत असता श्वास आणि मध्यावस्थेत हकार, असे तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगते. गायनाचार्य मान्वेल गार्सिया यांनी आरशाच्या साहाय्याने केलेले सजीव कंठाचे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले ते १८५५ साली. आणि हे आचार्य मात्र कोणत्याही उपकरणावाचून, स्वतःच्याच गळ्याचा मागोवा घेत, तेथवर पोहोचले होते!

त्यांच्यात मतभेदही होते. रेफाला, म्हणजे ‘र’ या वर्णाला, पाणिनीय शिक्षा मूर्धन्य ठरविते, तर ऋक्प्रातिशाख्य दंतमूलीय मानते. अमेरिकन पंडित व्हिटनी यांनी अथर्ववेदाचे प्रातिशाख्य १८६२ साली व तैत्तिरीय १८७१ साली भाषांतरासह प्रसिद्ध केले, तेव्हा ही चर्चा पाश्चात्त्य अभ्यासकांच्या दप्तरी दाखल झाली. उच्चारभेद इतक्या बारकाईने टिपणारी ही परंपरा असूनही मराठीतील ‘चाक’ व ‘चार’ यांमधील दंततालव्य आणि तालव्य ‘च’ मात्र लिपीत आजही एकाच अक्षराने लिहिले जातात.