ठाणे-कल्याण परिसरातील पगारदारांचे कर्ज आणि कर्जनिवारणाचे कायदे : एक ऐतिहासिक विवेचन

महाराष्ट्रातील कर्जनिवारणाचा इतिहास सामान्यतः १८७५ च्या सुपे येथील उठावापासून व १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यापासून सांगितला जातो. त्यात शेतकरी आणि सावकार हीच दोन पात्रे येतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील कारखान्यांतील कामगार आणि रोज लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार यांच्या कर्जाची चर्चा अभ्यासकांनी अभावानेच केलेली आढळते.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. कारखान्यांबरोबर मासिक वेतनावर जगणारा वर्ग वाढला. अडीअडचणीस दागिना गहाण टाकणे हा त्याचा परिचित मार्ग होता. आणीबाणीच्या काळात, ऑगस्ट १९७५ मध्ये, राज्य शासनाने कर्जमुक्तीचा अध्यादेश काढला; पुढे त्याचाच कायदा झाला. सीमांत शेतकरी, ग्रामीण कारागीर व शेतमजूर यांच्याबरोबर मर्यादित उत्पन्नाच्या कामगारासही त्यात ऋणको मानले गेले, ही बाब विशेष महत्त्वाची होय. जुने कर्ज तर संपुष्टात आलेच, शिवाय गहाण वस्तू परत करण्याचे बंधन सावकारावर आले. फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हा कायदा वैध ठरविला, निकालपत्र न्या. कृष्ण अय्यर यांचे होते.

तथापि बँका व सहकारी संस्था यांची कर्जे या कायद्यातून वगळलेली होती. सावकारी पाशातून सुटलेल्या माणसाने अशा संस्थांकडे वळावे, हा त्यामागील विचार त्या काळी योग्यच होता. परंतु पुढील पिढीचे कर्ज नेमके तेथेच साठत गेले : प्रथम पतपेढी, मग गृहकर्ज, वैयक्तिक कर्ज व क्रेडिट कार्ड. १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१-अ नुसार बँकेचा व्याजदर अवाजवी आहे, या कारणास्तव न्यायालयास व्यवहार पुन्हा उघडता येईनासा झाला. राज्याचा २०१४ चा सावकारी नियमन कायदाही बँकांना लागू नाही. बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळ व गुजरात येथील प्रकरणांत स्पष्ट केले.

उरतो तो नादारीचा मार्ग. येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. मुंबईस १९०९ चा इलाखा शहर नादारी कायदा, तर मुलुंडपुढे ठाणे जिल्ह्यास १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू झाला. एकाच लोकलने जाणाऱ्या दोन सहप्रवाशांना दोन निरनिराळे कायदे! नादारी व दिवाळखोरी संहितेने (२०१६) हा भेद मिटविण्याचे योजिले. तिच्यातील ‘नवी सुरुवात’ प्रक्रियेसाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत व कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत अशी मर्यादा ठरली. १ डिसेंबर २०१९ रोजी व्यक्तींविषयीचा हा भाग अमलात आला, तो मात्र कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. शिवाय ऋणकोच्या मालकीचे घर नसावे, मग ते बोजाखाली का असेना, अशीही अट संहितेत आहे. डोंबिवलीत हप्त्यांवर एका खोलीचे घर घेतलेला कामगार त्या अटीनेच बाहेर राहतो.