मालिबूची वाळू कोणाची? चित्रतारकांच्या एका किनाऱ्याची कहाणी

कॅलिफोर्नियातील मालिबू म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहतात ते हॉलिवूडच्या तारेतारकांचे समुद्राकाठचे बंगले. पण ही मंडळी तेथे पोहोचली ती एका विधवेने हरलेल्या खटल्यामुळे. या किनाऱ्यावर परक्याचे पाऊल पडू नये म्हणून जिने आयुष्य वेचले, तिच्याच हातून तो नटनट्यांच्या हवाली झाला. त्या शतकभराच्या भांडणाचा हा थ्रेड.

नाव मूळचे चुमाश लोकांचे. हुमालिवो, म्हणजे लाटा जेथे मोठ्याने गाजतात ते ठिकाण. ओढा समुद्राला मिळतो त्या मुखाशी त्यांचे गाव होते. फळ्या सांधून आणि नैसर्गिक डांबराने लिंपून केलेल्या होड्यांतून ते समोरच्या बेटांशी व्यापार करीत. स्पॅनिश मिशनांच्या काळात ही वस्ती विस्कटली आणि १८०४ मध्ये तेरा हजार एकरांहून मोठा हा पट्टा होजे बार्तोलोमे तापिया याला चराईसाठी बहाल झाला. तापियाची गुरे जेथे चरली, तेथे आज जगातील महागड्या घरांपैकी काही उभी आहेत.

१८९२ मध्ये हा सारा मुलूख फ्रेडरिक हेस्टिंग्ज रिंज या मॅसॅच्युसेट्सच्या धनिकाने घेतला. भाव एकरी सुमारे दहा डॉलर. आपल्या मूळ गावाला, केंब्रिजला, ग्रंथालय आणि नगरभवन बांधून देणारा हा गृहस्थ स्वभावाने धार्मिक आणि निसर्गवेडा होता. डोंगर, ओढा आणि समुद्र एकाच कुंपणात असावेत ही त्याची हौस येथे पुरी झाली. १९०३ च्या वणव्यात त्याचे घर जळाले आणि १९०५ मध्ये तो स्वतःच गेला. मागे राहिली पत्नी मे नाइट रिंज, तीन मुले आणि वीसेक मैलांचा किनारा.

मे रिंजबद्दल लिहिताना वर्तमानपत्रांनी कधी तिला राणी म्हटले, कधी कजाग ठरवले. तिचा पहिला सामना झाला तो सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वे कंपनीशी. कंपनीला किनाऱ्याने रूळ न्यायचे होते. आधीच एक रेल्वे असेल तेथे समांतर दुसरी टाकायला परवानगी मिळत नसे. हे हेरून बाईंनी स्वतःचीच रेल्वे काढली. सुमारे पंधरा मैलांचा मार्ग, अध्यक्षपदी स्वतः मे रिंज. प्रवासी जवळपास नाहीतच. धान्य आणि कातडी वाहायची. गाडी चालवण्यापेक्षा दुसऱ्याची गाडी थोपवण्यासाठी बांधलेली रेल्वे इतिहासात फारशी सापडत नाही.

दुसरा सामना अधिक अवघड होता, कारण समोर कंपनी नव्हती, शेजारी होते. रिंज यांच्या जमिनीमागच्या डोंगरात गरीब शेतकऱ्यांनी सरकारी जमिनीवर वस्त्या केल्या होत्या. सांता मोनिकाच्या बाजारात जायचे तर त्यांना ओहोटी पाहून ओल्या वाळूवरून गाड्या हाकाव्या लागत. बाईंनी फाटके बसवली, त्यांना कुलुपे घातली, बंदूकधारी पहारेकरी नेमले. लॉस एंजेलिस काउंटीने अखेर रस्त्यासाठी जमीन ताब्यात घेण्याचा हुकूम काढला आणि वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला.

तेथील युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. रिंज यांचे म्हणणे असे की, हा रस्ता त्यांच्याच जमिनीच्या टोकाला संपतो, पुढे कोठेच जात नाही. मग त्यात सार्वजनिक उपयोग कसला? १९२३ मध्ये न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला. सार्वजनिक उपयोग म्हणजे केवळ व्यापारउदीम नव्हे. लोकांचे आरोग्य, करमणूक आणि निसर्गदर्शन हाही उपयोगच, असा त्या निकालाचा आशय होता. समुद्र पाहायला जाण्याचा रस्ता ही लोकांची गरज ठरू शकते, हे तत्त्व मालिबूच्या वाळूवरून कायद्यात आले. १९२९ मध्ये महामार्ग खुला झाला. आज तो पॅसिफिक कोस्ट हायवे म्हणून ओळखला जातो.

वर्षानुवर्षांच्या खटल्यांनी तिजोरी रिकामी केली होती. जमीन विकायची नाही हा हट्ट कायम होता, म्हणून १९२६ पासून बाईंनी समुद्रालगतची एक चिंचोळी पट्टी भाड्याने द्यायला सुरुवात केली. करार दहा वर्षांचा. भाडे दर्शनी रुंदीच्या दर फुटाला महिना एक डॉलर. पहिल्या भाडेकरूंत होती मूळची स्वीडनची मूकपटतारका अ‍ॅना क्यू. निल्सन. तिच्यामागून क्लारा बो, रोनाल्ड कोलमन, बार्बरा स्टॅनविक असे एकेक येत गेले आणि या पट्टीला नाव पडले मालिबू मोशन पिक्चर कॉलनी.

तारे येथेच का आले, याचे उत्तर त्या दशकाच्या बातम्यांत आहे. १९२१ मध्ये विनोदी नट फॅटी आर्बकलवर एका तरुणीच्या मृत्यूचा आरोप आला. तीन खटल्यांनंतर तो निर्दोष सुटला खरा, पण त्याची कारकीर्द संपली. १९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेसमंड टेलरचा खून झाला. त्याच वर्षी चित्रपट कंपन्यांनी विल हेज यांना आणून उद्योगाच्या नीतिमत्तेवर बसवले. नटनट्यांच्या करारांत सदाचाराची कलमे घुसली. शनिवारची एक मेजवानी सोमवारी नोकरी घालवू शकत होती. अशा माणसांना हवी होती शहरापासून फार दूर नसलेली आणि तरीही वार्ताहर पोहोचणार नाही अशी जागा. मे रिंज यांच्याकडे फाटक तयार होते, पहारेकरीही. शेतकऱ्यांना अडवण्यासाठी उभारलेली ती व्यवस्थाच आता भाड्याने मिळत होती, आणि ज्या महामार्गाविरुद्ध त्या लढल्या त्याच महामार्गामुळे हे भाडेकरू हॉलिवूडहून मोटारीने सहज येऊ शकले!

घरे सुरुवातीला साधी, लाकडी, एकमेकांना खेटून. तेथे महाल नव्हते. महाल पाहायचा तर दक्षिणेला सांता मोनिकात, जेथे वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टने नटी मॅरियन डेव्हिससाठी किनाऱ्यावर भव्य वास्तू उभारली होती. मालिबूची शान निराळी होती: नामांकित माणसाला अनवाणी हिंडता यावे.

स्वतः मे रिंज मात्र बुडत चालल्या होत्या. १९२६ मध्ये त्यांनी फरशांचा कारखाना काढला. मालिबू पॉटरीजच्या रंगीत फरशांनी लॉस एंजेलिसच्या कित्येक इमारती सजल्या. १९३१ मध्ये कारखान्याला आग लागली, वर्षभरात तो बंद पडला. महामंदीत नवी घरेच कोण बांधत होते? दिवाळखोरी आली, कॉलनीतील भूखंड अखेर विकावे लागले आणि १९४१ मध्ये कफल्लक अवस्थेत त्यांचे निधन झाले. टेकडीवर अर्धवट राहिलेला त्यांचा वाडा पुढच्या वर्षी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी विकत घेतला.

महायुद्धानंतर रस्त्यावरून वेगळेच लोक येऊ लागले. फळ्या घेतलेली तरुण पोरे. ओढ्याच्या मुखाशी फुटणारी लांब, एकसारखी लाट सर्फिंगला फार अनुकूल होती. एका किशोरवयीन मुलीच्या अनुभवांवरून तिच्या वडिलांनी, फ्रेडरिक कोनर यांनी, १९५७ मध्ये ‘गिजेट’ ही कादंबरी लिहिली. १९५९ मध्ये तिचा चित्रपट आला आणि मालिबूवर गर्दी लोटली. लपण्याच्या जागेची जाहिरात सिनेमानेच केली, हे विशेष.

येथून पुढचे भांडण वाळूचे. कॅलिफोर्नियात भरतीच्या सरासरी रेषेखालचा किनारा सर्वांचा असतो. म्हणजे ओली वाळू जनतेची. पण घरांची सलग भिंत असेल तर तेथवर जायचे कसे? १९७२ मध्ये मतदारांनी किनारा संरक्षणाचा कौल दिला आणि १९७६ मध्ये कोस्टल अ‍ॅक्ट झाला. बांधकामाची परवानगी हवी तर लोकांसाठी वाट सोडा, असा तोडगा निघाला. मनोरंजन उद्योगातील बडे प्रस्थ डेव्हिड गेफन यांनी १९८३ मध्ये अशी वाट देण्याचे कबूल केले. ती प्रत्यक्षात खुली व्हायला कोर्टकज्ज्यानंतर २००५ उजाडले. काही घरमालकांनी तर वाहने थांबवू नयेत म्हणून खोट्या पाट्या आणि नकली गॅरेजची दारेही लावली होती.

याच काळातला एक खटला इंटरनेटवर वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. केनेथ अ‍ॅडलमन हा किनाऱ्याची धूप नोंदवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून संपूर्ण किनारपट्टीची हजारो छायाचित्रे काढत होता. त्यातील एकात गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड यांचे मालिबूतील घर आले. २००३ मध्ये त्यांनी पाच कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर ते छायाचित्र उतरवून घेतले गेले होते सहा वेळा, त्यातही दोनदा त्यांच्याच वकिलांकडून. बातमी फुटल्यावर महिन्याभरात चार लाखांहून अधिक लोकांनी ते संकेतस्थळ पाहिले. दावा फेटाळला गेला. लपवायला जावे आणि गाजावाजा व्हावा, या प्रकाराला ‘स्ट्रायसँड इफेक्ट’ हे नाव मिळाले ते यावरूनच.

१९९१ मध्ये मालिबू स्वतंत्र शहर झाले. त्यामागे कारण होते सांडपाण्याच्या नळाचे. काउंटीला मोठी गटारयोजना आणायची होती. नळ आला की हॉटेले आणि इमारती येतील म्हणून रहिवाशांनी ती नाकारली आणि स्वतःची नगरपालिकाच स्थापली. मे रिंज यांची रेल्वे आणि ही नगरपालिका यांत फार अंतर नाही.

फाटकांना न जुमानणारी एकच गोष्ट या किनाऱ्याने सतत पाहिली, ती म्हणजे आग. १९२९ मध्ये कॉलनीतील घरे जळाली. १९५६, १९७०, १९९३ मध्ये वणवे आले. २०१८ च्या वूल्झी वणव्याने सोळाशेहून अधिक वास्तू गिळल्या. जानेवारी २०२५ च्या पॅलिसेड्स वणव्यात महामार्गाच्या समुद्राकडील घरांच्या रांगाच्या रांगा खाक झाल्या. त्या जागी पुष्कळांनी कित्येक दशकांनंतर रस्त्यावरून प्रथमच सलग समुद्र पाहिला.

हुमालिवोची जागा, ओढ्याचे मुख, आता सरकारी किनारा-उद्यानात आहे. शेजारीच मे रिंज यांच्या मुलीचे, रोडाचे, घर संग्रहालय म्हणून जतन केले आहे. त्यातील जमिनीवर मालिबू पॉटरीजच्या फरशांचा एक पूर्ण ‘पर्शियन गालिचा’ आहे, अगदी काठाच्या झालरीसह. तेथून थोडे पश्चिमेला कॉलनीचे फाटक लागते. त्यावर आजही पहारा असतो.