फार्सच्या गालिच्यांवरील सिंह

सिंहाला भुवया असतात काय, हा प्रश्न प्राणिशास्त्राच्या वर्गात हास्यास्पद ठरेल. परंतु इराणच्या दक्षिणेकडील फार्स प्रांतात काश्काई, लुर आदी भटक्या जमातींच्या स्त्रियांनी विणलेल्या गालिच्यांवर सिंह अनेकदा भुवयांसह अवतरतो. देह एका बाजूने दाखविलेला, चेहरा मात्र माणसासारखा थेट आपल्याकडे वळलेला. शेपूट पाठीवर डौलाने उचललेली, अंगावर चांदण्या किंवा फुले, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत एखादी शेळी किंवा पाखरू, अगदी निर्धास्त. या सिंहाची भीती वाटत नाही. त्याच्याकडे पाहून हसू येते, आणि हसून झाल्यावरही नजर तेथेच रेंगाळते. हे का घडते, याचा विचार आम्ही काही काळ करीत आहोत.

गालिच्यावर प्राणी येणे ही गोष्ट नवी नव्हे. १९४९ साली सर्गेई रुदेन्को यांना अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील एका थडग्यात बर्फाने जपून ठेवलेला गालिचा मिळाला. आजवर सापडलेल्या, जवळपास अखंड अशा गाठींच्या गालिच्यांत तो सर्वांत जुना. ख्रिस्तपूर्व पाचव्या ते तिसऱ्या शतकांच्या दरम्यानच्या या विणकामाच्या किनारीवर हरणे आणि घोडेस्वार रांगेने चालले आहेत. पुढे पंधराव्या शतकात डोमेनिको दी बार्तोलो या चित्रकाराने सिएना येथील रुग्णालयाच्या भिंतीवर एक विवाहप्रसंग रंगविला, त्यातही पायांखालच्या गालिच्यावर अद्भुत प्राण्यांची झुंज आहे. पण पाझिरिकचे काम अतिशय सफाईदार, सराईत हातांचे आहे. फार्सच्या सिंहाची गोष्ट वेगळी.

ती समजून घ्यायची तर मागापासून आरंभ करावा लागतो. भटक्यांचा माग जमिनीवर आडवा पसरलेला असतो: दोन दांडे, चार खुंट्या आणि त्यांत ताणलेला ताणा. हिवाळ्यात सखल गरमसीर, उन्हाळ्यात झाग्रोसच्या उंच कुरणांचे सर्दसीर, अशा स्थलांतरात मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, माग गुंडाळून जनावरावर लादायचा आणि पुढच्या तळावर पुन्हा ताणायचा. पुन्हा ताणताना ताण पूर्वीइतकाच राहील, याची खात्री नाही. म्हणून कडा वाकड्या होतात. लोकर घरच्या मेंढ्यांची, रंग मंजिष्ठेचा, निळीचा, डाळिंबाच्या सालीचा. एका खेपेचा रंग संपला की पुढची खेप किंचित वेगळी निघते, त्यामुळे सिंहाच्या पाठीवर पिवळ्याच्या दोन-तीन छटांचे पट्टे उमटतात. जाड लोकरीच्या विरळ गाठींत वळणदार रेषा साधत नाही. तिची पायरी होते. शिवाय समोर कागदावरचा नकाशा बहुधा नसतोच. ओळीमागून ओळ चढत सिंह खालून वर घडत जातो, आणि त्याचा अंदाज विणणारीच्या डोक्यात असतो. ज्याला आपण भाबडेपणा म्हणतो, त्यातला बराचसा भाग असा मागाने घातलेल्या अटींचा आहे. पण सगळा नव्हे. भुवया मागाने मागितलेल्या नाहीत.

मग या स्त्रियांनी सिंह पाहिला होता काय? एकोणिसाव्या शतकात शिराझजवळच्या दश्त-ए-अर्झनच्या परिसरात सिंह होते. १९४०च्या दशकाच्या आरंभापर्यंत इराणमधील त्यांच्या विश्वसनीय नोंदी संपतात. म्हणजे विसाव्या शतकात विणल्या गेलेल्या अनेक सिंहांच्या विणकरणींनी जिवंत सिंह पाहिलेला असणे कठीण. परंतु इतरत्र तो सर्वत्र होता: तख्त-ए-जमशीदच्या जिन्यावर बैलावर झेपावणारा, काजार काळातील नाण्यांवर, १९७९च्या क्रांतीपर्यंत राष्ट्रध्वजावर सूर्यासह, आणि बख्तियारींच्या कबरींवर शूर पुरुषाची खूण म्हणून दगडात कोरलेला. शिल्पकार परवीझ तनावोली यांनी हे गालिचे जाणकार हिणवीत होते त्या काळात जमविले आणि १९८५ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. शौर्याशी असलेले सिंहाचे हे नाते त्यांच्यामुळेच अभ्यासकांपुढे ठळकपणे आले.

येथे एक भाषिक गंमत नोंदवावीशी वाटते. ‘गालिचा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, ‘शेर’ही आला. इराणच्या आजच्या फारसीत मात्र सिंह आणि दूध या दोहोंचा उच्चार ‘शीर’ असा एकच झाला आहे. जुन्या फारसीतला भेद हिंदुस्थानी उच्चाराने राखला, म्हणून आपला ‘शेर’ वेगळा आणि ‘शीरखुर्मा’ वेगळा.

साहित्य शिकविणाऱ्यांची खोड अशी की आकृती दिसताच आपण प्रतीक शोधतो. सिंह म्हणजे शौर्य, म्हणजे राजसत्ता, म्हणजे पुरुष. हा अर्थ खोटा नाही. पण तो खानाच्या तंबूतला अर्थ आहे, गालिच्यावर बसणाऱ्याचा. विणणारीचा अर्थ तोच असेल, असे गृहीत धरण्याला आमची हरकत आहे. जात्यावरची ओवी शिकविताना आपण निनावी स्त्रीचा स्वर ऐकायला विद्यार्थ्यांना सांगतो, आणि गालिच्यापाशी आलो की तिला केवळ परंपरेची वाहक ठरवितो. दगडातील सिंह पुरुषाच्या कबरीवर जबडा रोखून उभा असतो. लोकरीतल्या सिंहाजवळ मात्र शेळी उभी राहू शकते. हा फरक कोणी केला? शेळी तिच्या रोजच्या जगातली होती, सिंह ऐकीव होता, आणि तिने ऐकीवाला आपल्या ओळखीचा चेहरा दिला. याहून अधिक ठामपणे बोलण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही, कारण तिने लिहून काही ठेवलेले नाही.

१९३०च्या दशकात रझाशाहच्या राजवटीने भटक्यांना सक्तीने एका जागी बसविण्याचा प्रयत्न केला. पुढे गब्बेह या जाड, लांब लवेच्या गालिच्याला युरोपात गिऱ्हाईक मिळाले. मोहसेन मखमलबाफ यांच्या १९९६च्या ‘गब्बेह’ या चित्रपटाने ते नाव सर्वतोमुखी केले, आणि २०१० साली फार्सच्या गालिचाविणकामाचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. मागणीबरोबर सिंहही वाढले. दुकानासाठी विणलेला सिंह बहुधा सरळ रेषेत उभा असतो, त्याची पाठ एकाच पिवळ्या रंगाची असते, आणि पायांपाशी शेळी असलीच तर ती दोन्ही बाजूंना मोजून सारखी बसविलेली असते.