तारेच्या टोंकाचा हात

वैद्य एका गांवीं आणि रोगी दुसऱ्या गांवीं असतां चालणाऱ्या उपचारांची गोष्ट निघाली, कीं आजच्या सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें भ्रमणध्वनीचा पडदा उभा राहतो, व ही कल्पना काल-परवांची असावी असें त्याला वाटतें. वस्तुतः तिला शंभरांहून अधिक वर्षें झालीं आहेत, आणि तिच्या आरंभींच्या प्रकरणांतच एका मनुष्याचा मृत्यु आहे. त्या मृत्यूंत जो धडा आहे तो आजच्या उत्साहांत विसरला जाण्याचा संभव असल्यामुळें ही हकीकत येथें सांगावीशी वाटते.

१९१७ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांत जिमी डार्सी नांवाचा एक तरुण गुराखी घोड्यासकट पडून जबर जखमी झाला. सोबत्यांनीं त्याला गाडींत घालून हॉल्स क्रीक या वस्तीस आणलें. तेथें डॉक्टर नव्हता; होतें तें एक तारघर आणि टकेट नांवाचा पोस्टमास्तर. या गृहस्थानें पूर्वीं प्रथमोपचाराचे थोडे पाठ घेतले होते. ते पाठ देणारे डॉ. हॉलंड हजार मैलांहून अधिक दूर पर्थ शहरीं होते. त्यांस त्यानें तार केली. प्रश्न गेले, उत्तरें आलीं. मूत्राशय फाटलें आहे व शस्त्रक्रिया तत्काळ केली पाहिजे, हा निर्णय तारेवरच झाला. योग्य शस्त्रें नव्हतीं. तेव्हां चाकू व वस्तरा घेऊन, आणि आपल्याकडे विहिरींत टाकतात तें पोटॅशियम परमँगनेट जंतुनाशक म्हणून वापरून, टकेटनें तारेच्या कडकट्टांतून येणाऱ्या सूचनांबरहुकूम तें भयंकर कर्म पार पाडलें.

इकडे डॉ. हॉलंड गुरांच्या बोटीनें, पुढें मोटारीनें, घोडागाडीनें व शेवटीं पायीं हॉल्स क्रीकला पोंचले, तों डार्सी आदल्याच दिवशीं मरण पावला होता. तपासणीअंतीं असें आढळलें, कीं शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. प्राण घेतला तो न ओळखलेल्या हिंवतापानें व आंत्रपुच्छांतील गळवानें.

टकेटविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. त्याच्या जागीं आपण असतों तर चाकू हातीं धरला असता काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. परंतु इतिहासाचा निष्कर्ष निराळाच आहे. तारेनें जें विचारलें त्याचें उत्तर आलें. जें विचारावें असें कोणासच सुचलें नाहीं, तें तारेला सांगतां आलें नाहीं. रोग्याजवळ जो उभा असतो त्याच्या डोळ्याला जितकें दिसतें, तितकेंच दूरच्या पंडिताला कळतें.

ही वार्ता ऑस्ट्रेलियाभर गाजली. त्या देशाच्या अंतर्भागांत १९१२ पासून मिशन चालविणारे जॉन फ्लिन यांना त्याच वर्षीं क्लिफर्ड पील या तरुण वैमानिकाचें पत्र आलें: डॉक्टरानें विमानानें जावें, अशी त्यांत योजना होती. पील स्वतः १९१८ मध्यें युद्धांत कामास आला. पुढें १७ मे १९२८ रोजीं क्वीन्सलंडमधील क्लोनकरीहून पहिला विमानी डॉक्टर निघाला, आणि पहिल्याच वर्षीं २२५ रोग्यांस उपचार मिळाले.

तथापि विमान आहे, पण तें बोलावणार कोण? एकाकी गुरेवाड्यांपर्यंत तारा नव्हत्या. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनीं सायकलप्रमाणें पायडल मारून वीज उत्पन्न करणारें बिनतारी यंत्र सिद्ध केलें व १९२९ पासून तें त्या वाड्यांवर बसूं लागलें. मोर्सची लिपि सर्वांस येईना, म्हणून पुढें त्यांनीं त्याला टंकयंत्रासारख्या कळा जोडल्या. १९४२ पासून वाड्यावाड्यांवर औषधांची एकाच नमुन्याची पेटी ठेवण्यांत आली. औषधांस क्रमांक दिले, म्हणजे डॉक्टरानें केवळ आंकडा सांगावा. नऊ क्रमांकाची बाटली संपली, म्हणून कोणी चार व पांच क्रमांकांचीं औषधें एकत्र करून घेतलीं, अशी एक आख्यायिका तिकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, हंसूं आल्यावर क्षणभर थांबण्यासारखी आहे.

आपल्या देशांत भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनें २००१ मध्यें उपग्रहाच्या साह्यानें दूरवैद्यकाचा प्रयोग आरंभिला. २०१९ मध्यें ई-संजीवनी ही सरकारी योजना सुरू झाली. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं सह्याद्रींतील एका उपकेंद्रांत तिचें काम पाहिलें. पडद्यावरील डॉक्टरांनीं एका गर्भवतीच्या पायांच्या सुजेविषयीं विचारलें. परिचारिकेनें तिच्या घोट्यावर अंगठा दाबला, थोडें थांबून तो उचलला आणि म्हणाली, “खड्डा राहतोय, मॅडम.” लगेच रक्तदाब घेण्यास सांगण्यांत आलें. तो अंगठा नसता, किंवा खड्डा पाहावयाचा असतो हें त्या बाईस कोणी शिकविलें नसतें, तर पडदा कितीही स्वच्छ असून काय उपयोग?

याची दुसरी बाजू गडचिरोलींत दिसते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील स्त्रियांस नवजात बालकांचे आजार ओळखण्यास व त्यांवर उपचार करण्यास शिकविलें. तेथील नवजात-मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ मध्यें प्रसिद्ध झालें. त्या यशाच्या मुळाशीं दूरचा पडदा नव्हता. घरोघर जाणारा शिकलेला हात होता.

आम्ही यंत्राचे विरोधक नव्हे. हॉल्स क्रीकला तार नसती, तर डार्सीला तेवढीहि आशा नसती. पण ‘आतां पडदा आहे, मग रिकामी जागा भरण्याची घाई कशास?’ हा विचार कोणत्याहि कचेरींत शिरणें सोपें आहे, व तो शिरला तर त्याची किंमत दूरच्या वाडीवरचा रोगी देईल. म्हणून अमुक इतक्या केंद्रांना पडदे मिळाले असें आपण वाचूं, तेव्हां त्या पडद्यांसमोर बसणाऱ्या किती जणींस नाडी पाहण्यास शिकविलें, हेंहि विचारीत जावें.