मुंबईच्या गिरण्या आणि मावळाचे पाणी

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या मुख्यतः वाफेवर चालत; कोळसा थेट बंगालहून येई. धुराविरुद्ध १९१२ साली कायदाही झाला. पण कोळसा हटवला तो पावसाने. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवून ते ५०० मीटरहून अधिक खाली खोपोलीस सोडले आणि १९१५ पासून गिरण्यांना वीज मिळू लागली. हेतू अर्थातच स्वस्त शक्तीचा. कार्बनची चिंता तेव्हा कोणाला?

नंतरचे एक धरण मुळशीचे. भातखाचरे बुडणार म्हणून मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ ठरले ते याच लढ्यात. धरण मात्र झालेच. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हा विस्थापित शेतकरी डोंगरउतारावर सरकले होते.