अप्लाइड अल्जेब्राचा फायनल पेपर: दहा दिवसांत तयारी कशी करायची?

लातूरहून मावसभावाचा फोन आला तेव्हा त्याच्या पेपरला दहा दिवस होते. "ताई, ग्रुप, रिंग, फील्ड सगळ्या व्याख्या पाठ आहेत. पण गणित समोर आलं की हातच चालत नाही." हा विषय त्याचा आधी एकदा राहिलेला. पुन्हा राहिला तर एटीकेटीच्या नियमात पुढचं वर्ष अडकणार, हे त्यालाही माहीत होतं आणि घरच्यांनाही.

मला नांदेडचं माझं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आठवलं. मीही व्याख्या घोकून गेले होते आणि काठावर सुटले होते. आता रोजच्या कामात हेच गणित भेटतं. त्या आठवड्यात त्याला जे सांगितलं, ते इथे नीट मांडते. तुमच्याकडे हा भाग डिस्क्रीट मॅथ्समध्ये असेल, नाहीतर क्रिप्टोग्राफीत किंवा बीएस्सीच्या अल्जेब्रामध्ये. तयारी तीच.

या विषयात असतं काय?

साधारण चार गोष्टी: मॉडचं गणित आणि आरएसए, ग्रुप, एरर करेक्टिंग कोड, आणि फाइनाइट फील्ड. चारही तुमच्या मोबाइलमध्ये रोज चालू असतात. म्हणून प्रत्येक टॉपिक एका खऱ्या वस्तूला बांधून ठेवा, लक्षात राहतो.

१. मॉड, व्यस्त आणि आरएसए

आरएसए १९७७ चं. पेपरात छोट्या संख्या देतात. समजा दोन मूळ संख्या ५ आणि ११. गुणाकार ५५. प्रत्येकीतून १ वजा करून गुणा: ४ × १० = ४०. पब्लिक की ३ असेल, तर प्रायव्हेट की म्हणजे मॉड ४० मध्ये ३ चा व्यस्त.

युक्लिडची रीत: ४० = १३ × ३ + १. म्हणजे १ = ४० − १३ × ३. व्यस्त आला −१३, म्हणजेच २७. पडताळा: ३ × २७ = ८१ = २ × ४० + १. बरोबर.

नेहमीच्या दोन चुका:
- वजा चिन्ह विसरून १३ लिहिणं. ३ × १३ = ३९, बाकी १ नाही. लगेच पकडता येते.
- ४० ऐवजी ५५ ने मॉड घेणं. उत्तर ३७ आलं असेल, तर तुम्ही हेच केलंय.

मेसेज २ असेल तर २³ = ८ पाठवायचे. उलट करताना ८ चा २७ वा घात, म्हणजे २ चा ८१ वा घात. मॉड ५५ मध्ये २ चा ४० वा घात १ होतो, त्यामुळे उरतो फक्त २. कॅल्क्युलेटरची गरजच नाही.

२. ग्रुप: आधारचा शेवटचा अंक

आधार क्रमांकातला बारावा अंक चेक डिजिट असतो. तो व्हेरहूफ पद्धतीने काढतात. ही पद्धत डच गणितज्ञ व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. तिच्यामागे पंचकोनाच्या सममितींचा १० घटकांचा ग्रुप आहे. हा ग्रुप कम्युटेटिव्ह नाही: आधी फिरवून मग उलटवणं आणि आधी उलटवून मग फिरवणं, यांचं उत्तर वेगळं येतं. याच गुणाचा वापर करून एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले, तर चूक पकडली जाते. बँक कार्डावरची लून पद्धत सोपी आहे, पण ०९ चं ९० झालं तर तिला कळत नाही.

"नॉन-अबेलियन ग्रुपचं उदाहरण द्या" असं आलं तर हा पंचकोन काढा. सोबत लाग्रांजचं प्रमेय पक्कं ठेवा: १२ घटकांच्या ग्रुपमध्ये ५ घटकांचा सबग्रुप असूच शकत नाही. आणि मॉड १२ च्या बेरजेच्या ग्रुपचे जनरेटर १, ५, ७, ११ का, हे स्वतःला सांगता आलं पाहिजे.

३. हॅमिंग कोड

रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेला. हे हक्काचे मार्क आहेत. डेटा १०११ घ्या. तो ३, ५, ६, ७ या जागांवर ठेवा. १, २, ४ या जागा पॅरिटीच्या:
- जागा १ (३, ५, ७ वरून): १ + ० + १ = ०
- जागा २ (३, ६, ७ वरून): १ + १ + १ = १
- जागा ४ (५, ६, ७ वरून): ० + १ + १ = ०

कोड झाला ०११००११. आता मुद्दाम पाचवा बिट बिघडवा: ०११०१११. तपासण्या पुन्हा केल्या तर जागा ४ ची १, जागा २ ची ०, जागा १ ची १. वाचा: १०१, म्हणजे ५. चुकीचा पत्ता कोडनेच सांगितला!

४. फाइनाइट फील्ड: टपरीवरचा क्यूआर

चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड डागाळलेला, कोपरा फाटलेला असतो, तरी स्कॅन होतो. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने आणला. त्यातली चूक दुरुस्ती रीड-सॉलोमन कोड करतो (१९६०). सर्वात वरच्या लेव्हलला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. हा सगळा हिशोब २५६ घटकांच्या फील्डमध्ये होतो. पेपरात ८ घटकांचं फील्ड विचारतात.

इथली मोठी चूक: मॉड ८ म्हणजेच ८ घटकांचं फील्ड समजणं. मॉड ८ मध्ये २ × ४ = ०, मग २ ला व्यस्त कुठून येणार? खरं फील्ड बनतं क्ष³ + क्ष + १ या बहुपदीवरून. तिचं मूळ अ मानलं, तर अ³ = अ + १. पुढे:
- अ⁴ = अ² + अ
- अ⁵ = अ² + अ + १
- अ⁶ = अ² + १
- अ⁷ = १

हा तक्ता पेपर सुरू होताच मागच्या पानावर लिहा. गुणाकार म्हणजे फक्त घातांची बेरीज. अ³ चा व्यस्त? ३ + ४ = ७, म्हणून अ⁴.

एक सापळा: ० आणि १ टाकून मूळ मिळालं नाही, म्हणून बहुपदी अविभाज्य, हे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या घातापर्यंत खरं. क्ष⁴ + क्ष² + १ ला मूळ नाही, तरी ती (क्ष² + क्ष + १) चा वर्ग आहे.

मोबाइल कसा वापरायचा?

- एनपीटीईएलचे व्हिडिओ मोफत आहेत. पूर्ण कोर्स आता बघत बसू नका, अडलेलाच भाग बघा.
- पायथन ३.८ किंवा नंतरच्या व्हर्जनमध्ये पॉव फंक्शनला ३, −१, ४० दिलं की २७ मिळतो. सेजमॅथसेल ब्राउझरमध्येच फील्डचं गणित करून देतं.
- एआय चॅटबॉटचं उत्तर गुणून तपासल्याशिवाय वहीत उतरवू नका. आकडेमोडीत तो ठामपणे चुकू शकतो.
- क्रम कायम: आधी हाताने, मग फोनवर पडताळा. अभ्यासिकेत बसताना फोन बॅगेत.

दहा दिवस असे

- दिवस १-२: मॉड, युक्लिड, आरएसए
- दिवस ३-४: ग्रुप, लाग्रांज
- दिवस ५: हॅमिंग
- दिवस ६-७: फील्ड
- दिवस ८-९: जुने पेपर, घड्याळ लावून
- दिवस १०: फक्त चुकांची वही

लातूर पॅटर्नमुळे सराव परीक्षांची सवय आपल्याकडे आहेच. इथे ती उपयोगी पडते, पण पायरी का घेतली हे कळल्यावर. नाहीतर आकडा बदलला की हात थांबतो.

या विषयाची एक मेहरबानी आहे: जवळपास प्रत्येक उत्तर हॉलमध्येच तपासता येतं. व्यस्त गुणून बघा, कोडवर्डच्या तपासण्या शून्य येतात का बघा. शेवटची १५ मिनिटं यासाठीच राखून ठेवा.

पेपर झाल्यावर भावाचा फोन आला. निकाल अजून यायचाय. पण तो म्हणाला, "ताई, व्यस्त चुकला होता. गुणून पाहिला म्हणून कळलं, परत काढला." मागच्या वेळी तीच चूक तो तशीच सोडून आला होता.